निषेधाचा पुरावा : बायॉन येथील चॉकलेट कारागिरीचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, स्पेनच्या सीमेजवळ, आदूर आणि नीव या दोन नद्यांच्या संगमावर बायॉन हे शहर वसले आहे. बास्क प्रदेशाच्या फ्रेंच भागातील हे प्रमुख बंदर. शहराच्या जुन्या भागात पोर-नफ नावाचा रस्ता असून त्याच्या एका बाजूस कमानींची ओळ आहे. या कमानींखाली चॉकलेटची जुनी दुकाने आजही चालू आहेत. १८५४ मध्ये स्थापन झालेले काझनाव आणि १८९० मधील दारानात्झ ही त्यांपैकी प्रसिद्ध घराणी होत. फ्रान्समधील चॉकलेट कारागिरीचे आद्य केंद्र म्हणून बायॉनचा उल्लेख नेहमी केला जातो आणि या लौकिकावर तेथील पर्यटनाचा बराच भाग अवलंबून आहे.

दुकानाच्या पाटीवरील स्थापनावर्ष हा व्यवसायाच्या इतिहासाचा एक पुरावा असतो. परंतु तो पाटी लावण्याचा अधिकार असणाऱ्यांचाच पुरावा असतो. बायॉनमध्ये चॉकलेट तयार करणाऱ्यांतील एका मोठ्या वर्गाला शहरात दुकान थाटण्याचा अधिकार नव्हता. स्पेन व पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांचा हा वर्ग होय. पाट्यांवर त्यांची नावे नाहीत. त्यांचे अस्तित्व ठळकपणे नोंदले गेले ते त्यांच्याविरुद्ध झालेल्या नियमांत. प्रस्तुत लेखात या कारागिरांचे स्थलांतर, त्यांची कार्यपद्धती, १७६१ मध्ये त्यांच्यावर घातली गेलेली बंदी आणि १७६७ मधील न्यायालयीन निर्णय यांचा परामर्श घेतला आहे. निषेधाचा दस्तऐवज हा श्रमाच्या इतिहासाचे साधन म्हणून कसा वाचावा, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

दरबारी कथा आणि तिच्या मर्यादा

फ्रान्समध्ये चॉकलेट कसे आले, याविषयी सर्वाधिक प्रचलित असलेली कथा राजघराण्यातील दोन विवाहांची आहे. १६१५ मध्ये स्पेनची राजकन्या ॲन हिचा विवाह तेराव्या लुईशी झाला. १६६० मध्ये बायॉनपासून जवळच असलेल्या सँ-झाँ-द-ल्यूझ या गावी स्पेनची राजकन्या मारिया तेरेसा हिचा विवाह चौदाव्या लुईशी झाला. या राजकन्यांनी आपल्यासोबत चॉकलेटची आवड आणली आणि दरबारातून ती देशभर पसरली, असे सांगितले जाते. या काळात दरबारी वर्तुळात चॉकलेटचा प्रवेश झाला होता, यात शंका नाही. १६५९ मध्ये दाव्हिद शायू याला चॉकलेट तयार करून विकण्याचा मक्ता राजाज्ञेने मिळाला आणि १६७१ मध्ये मादाम द सेव्हिन्ये हिने आपल्या कन्येला लिहिलेल्या पत्रांत चॉकलेटची स्तुती आणि निंदा दोन्ही आढळतात. तथापि राजकन्यांच्या आख्यायिकांकडे सावधपणे पाहिले पाहिजे, असा इशारा सोफी को आणि मायकेल को यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॉकलेटच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात दिला आहे.

या कथेची मर्यादा तिच्या सत्यासत्यतेपुरती नाही. ती उपभोगाची कथा आहे, उत्पादनाची नाही. प्याला कोणाच्या हातात होता हे ती सांगते. काकाओच्या बिया कोणी भाजल्या, कोणी वाटल्या, हे तिच्यात येत नाही. बायॉनच्या नगराभिलेखांत चॉकलेटचा पहिला उल्लेख १६७० चा सांगितला जातो. म्हणजे राजविवाहानंतर अवघ्या दहा वर्षांत हा पदार्थ एका सीमावर्ती बंदराच्या नोंदींत आलेला होता. त्याचे स्पष्टीकरण दरबारापेक्षा सीमेपलीकडील व्यापारात आणि माणसांच्या स्थलांतरात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

विस्थापन आणि सँतेस्प्री

१४९२ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने ज्यूंना देशाबाहेर काढले. त्यांपैकी अनेकांनी शेजारच्या पोर्तुगालचा आश्रय घेतला. परंतु १४९६ च्या फर्मानाने आणि १४९७ च्या सक्तीच्या धर्मांतराने तोही मार्ग बंद झाला. धर्मांतरितांना ‘नवख्रिस्ती’ म्हटले जाई आणि त्यांच्या निष्ठेविषयी कायम संशय बाळगला जाई. १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मसमीक्षणाची न्यायसंस्था स्थापन झाल्यावर या संशयाला दंडसत्तेचे पाठबळ मिळाले.

याच छळाची दुसरी शाखा आपल्याला गोव्याच्या इतिहासातून परिचित आहे. नवख्रिस्ती कुटुंबे एका दिशेने पिरेनीज ओलांडून फ्रान्सकडे गेली, तशी दुसऱ्या दिशेने समुद्रमार्गे गोव्यातही आली. मुंबई बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते आणि ज्याचा भारतीय वनौषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, तो गार्सिया द ओर्ता हा वैद्य याच समाजातील होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याच्या स्वतःच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. बायॉनकडे निघालेली कुटुंबे कशापासून पळत होती, हे यावरून कळते.

फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याने १५५० मध्ये पोर्तुगीज नवख्रिस्ती व्यापाऱ्यांना राज्यात राहण्याची व व्यापार करण्याची अनुज्ञा देणारे आज्ञापत्र काढले. हे आज्ञापत्र ‘व्यापाऱ्यांना’ दिलेले होते, ‘ज्यूंना’ नव्हे. त्यांचा खरा धर्म सर्वांना ठाऊक असला तरी राजाज्ञेत त्यांचा ज्यू म्हणून उघड उल्लेख होण्यास १७२३ साल उजाडावे लागले. या पावणेदोनशे वर्षांच्या काळात त्यांचे वास्तव्य राज्याच्या आर्थिक गरजेवर आधारलेले होते. त्याला नागरिकत्वाच्या हक्काचा आधार नव्हता.

राजाने दिलेली अनुज्ञा शहराने मात्र जशीच्या तशी स्वीकारली नाही. बायॉनच्या तटबंदीच्या आत राहण्यास या कुटुंबांना मज्जाव होता. त्यांची वस्ती आदूर नदीच्या पलीकडच्या तीरावर, सँतेस्प्री या उपनगरात झाली. हे उपनगर प्रशासकीयदृष्ट्या बायॉनचा भाग नव्हते. दिवसा पूल ओलांडून शहरात यावे, घाऊक व्यवहार करावा आणि संध्याकाळी परत जावे, असा त्यांचा दिनक्रम ठरून गेला. शहरात किरकोळ विक्रीचे दुकान काढण्याची त्यांना परवानगी नव्हती. चॉकलेट कारागिरीचे स्वरूप या निर्बंधाने कसे घडवले, हे पुढे पाहू.

पाटा, विस्तव आणि फिरता कारागीर

त्या काळी चॉकलेट हे खाण्याचे नव्हे, पिण्याचे द्रव्य होते. काकाओच्या बिया भाजायच्या, त्यांची टरफले पाखडून काढायची आणि मग त्या वाटायच्या, अशी कृती होती. वाटण्यासाठी मेक्सिकोतून स्पेनमार्गे आलेले दगडी साधन वापरत. आपल्याकडील पाट्याशी त्याचे बरेच साम्य होते. मात्र त्याचा पृष्ठभाग किंचित खोलगट व उतरता असे, त्याला पाये असत आणि त्याखाली निखारे ठेवलेले असत. काकाओच्या बीमध्ये वजनाच्या जवळपास निम्मी चरबी असते. दगड कोमट राहिला म्हणजे ती वितळते आणि भरड पूड हळूहळू गुळगुळीत लगद्यात बदलते. कारागीर गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी दगडी लाटणे पुढेमागे ढकलत, तासन्‌तास हे काम करीत असे. नंतर साखर, दालचिनी, व्हॅनिला असे पदार्थ मिसळून लगद्याच्या वड्या पाडल्या जात. घरोघरी या वड्या गरम पाण्यात किंवा दुधात विरघळवून, लाकडी रवीने घुसळून, फेस आणून प्याल्या जात.

या कामातील कौशल्य हातात आणि नाकात होते. बिया किती भाजाव्यात, दगड किती तापवावा आणि वाटण केव्हा पुरे झाले हे ओळखावे, यासाठी सरावाशिवाय दुसरा गुरू नव्हता. साधने मात्र मोजकी आणि हलवता येण्यासारखी होती. सँतेस्प्रीच्या ज्यू कारागिरांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. शहरात दुकान काढता येत नव्हते. म्हणून ते आपला दगड घेऊन पूल ओलांडत आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन त्याच्यासमोर चॉकलेट तयार करून देत. आपल्याकडे कल्हईवाला जसा भाता घेऊन दारी येई, तसाच हा व्यवहार होता.

या फिरत्या कारागिरीचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, चॉकलेट करण्याची रीत शहरातील घराघरांत उघड्यावर दिसू लागली. बंद कारखान्यातील कृती गुप्त ठेवता येते. गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरातील कृती गुप्त राहू शकत नाही. दुसरा परिणाम असा की, या कारागिरांच्या नावाने दुकान, पाटी, हिशेबवही यांपैकी काहीही शहरात उभे राहिले नाही. कौशल्य पसरत गेले. कारागिरांच्या नावाला मात्र शहरात ठिकाण मिळाले नाही.

काकाओचा मार्ग

कच्च्या मालाचा प्रश्नही या समाजाच्या जाळ्याशी निगडित होता. सतराव्या शतकात उत्तम काकाओ म्हणजे कॅराकसचा, अर्थात आजच्या व्हेनेझुएलाचा, असे समीकरण होते. कायद्याने हा माल स्पेनच्या मक्त्यात असला तरी त्याचा मोठा भाग डच सत्तेखालील क्युरासाव बेटामार्गे ॲम्स्टरडॅमला पोहोचत असे आणि या व्यापारात क्युरासाव व ॲम्स्टरडॅम येथील आयबेरियन ज्यू व्यापारी अग्रभागी होते. बायॉनच्या व्यापाऱ्यांचे त्यांच्याशी भाषेचे, धर्माचे आणि अनेकदा नात्याचेही संबंध होते. १७२८ मध्ये सान सेबास्तियान येथे कॅराकसच्या व्यापारासाठी गिपुझ्कोआ कंपनी स्थापन झाली, तेव्हा काकाओचा एक मोठा प्रवाह बायॉनच्या शेजारच्या बंदराकडेच वळला.

मार्टिनिक या फ्रेंच बेटावर काकाओची लागवड सुरू करणाऱ्यांत बेंजामिन दा कोस्टा या ज्यू व्यापाऱ्याचे नाव घेतले जाते. १६५४ मध्ये पोर्तुगीजांनी ब्राझीलमधील रेसिफे डचांकडून परत घेतल्यावर तेथील ज्यू विखुरले, त्यांपैकी काही कॅरिबियन बेटांवर आले. १६८५ च्या ‘काळ्या संहिते’च्या पहिल्याच कलमाने फ्रेंच बेटांवरील ज्यूंना हाकलून देण्याची आज्ञा दिली. उरलेली संहिता गुलामांविषयी होती. एकाच दस्तऐवजात लागवडदारांतील एका समाजाची हकालपट्टी आणि मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी माणसांच्या गुलामीचे नियमन यावे, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे. बायॉनच्या चॉकलेटमधील साखर आणि काकाओ या गुलामीच्या श्रमातून येत होते. त्यामुळे सँतेस्प्रीच्या कारागिरांवरील अन्यायाची चर्चा करताना, त्यांच्या पाट्यावर येणारा मालही दुसऱ्या कोणाच्या पारतंत्र्यातून आलेला होता, हे नजरेआड करता येत नाही.

१७६१ ची बंदी आणि १७६७ चा निर्णय

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बायॉनमधील ख्रिस्ती नागरिकही चॉकलेटच्या व्यवसायात उतरले होते. १७६१ मध्ये त्यांनी आपला गिल्ड, म्हणजे व्यवसायसंघ, स्थापन करून त्याची नियमावली मंजूर करून घेतली. तत्कालीन फ्रान्समध्ये अशा संघाचे सदस्यत्व म्हणजे केवळ मानाची बाब नव्हती. संघ अस्तित्वात आला की शहरात तो व्यवसाय करण्याचा हक्क सदस्यांपुरता मर्यादित होई. बायॉनच्या नियमावलीने ज्यूंना या हक्काबाहेर ठेवले. शहरात चॉकलेटचा धंदा करण्यास त्यांना मनाई झाली.

या नियमावलीचे वाचन दोन प्रकारे करता येते. पहिले वाचन तिच्या शब्दांपुरते आहे. त्यानुसार चॉकलेट हा बायॉनच्या ख्रिस्ती उस्तादांचा व्यवसाय ठरतो आणि ज्यू त्याच्या परिघाबाहेरचे ठरतात. दुसरे वाचन नियमामागच्या परिस्थितीचे आहे. जे घडतच नाही, त्यावर बंदी घालण्याची गरज सहसा भासत नाही. ज्यू कारागिरांची संख्या नगण्य असती किंवा त्यांच्या मालाला मागणी नसती, तर त्यांना नावानिशी वगळणारा नियम करण्याचे प्रयोजन उरले नसते. ज्या दस्तऐवजाने त्यांना व्यवसायातून बाहेर काढले, तोच दस्तऐवज ते त्या व्यवसायात किती खोलवर रुजले होते याची साक्ष देतो.

हे अनुमान काढताना एक मर्यादा पाळणे आवश्यक आहे. १७६१ ची बंदी ज्यू कारागिरांचे अस्तित्व आणि त्यांच्याशी असलेली स्पर्धा सिद्ध करते. फ्रान्समधील सर्व चॉकलेट त्यांनीच प्रथम आणले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. सीमेपलीकडून मठवासी, सैनिक, बास्क खलाशी आणि व्यापारी यांच्यामार्फतही हा पदार्थ येऊ शकत होता. दरबारी कथेच्या जागी तितकीच एकेरी दुसरी कथा बसवणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. निश्चितपणे म्हणता येते ते एवढेच की, बायॉनमध्ये या व्यवसायाच्या घडणीत सँतेस्प्रीच्या कारागिरांचा वाटा इतका मोठा होता की त्यांना दूर ठेवण्यासाठी कायद्याचा आधार घ्यावा लागला.

१७६७ मध्ये बोर्दोच्या पार्लमाँने ही नियमावली रद्दबातल ठरवली. पार्लमाँ हे नाव कायदेमंडळाचा भास निर्माण करत असले तरी क्रांतिपूर्व फ्रान्समध्ये ते प्रांतातील उच्च न्यायालय होते. हा निर्णय धार्मिक समतेचा जाहीरनामा होता, असे मानण्याचे कारण नाही. व्यवसायसंघांचे मक्ते उत्पादनाला आणि ग्राहकाला हानिकारक असतात, हा विचार त्या दशकांत फ्रान्सच्या प्रशासकीय वर्तुळात बळावत होता. १७७६ मध्ये त्युर्गो या मंत्र्याने व्यवसायसंघ बरखास्त करण्याचा हुकूम काढला. तो त्याच वर्षी मागे घेतला गेला, परंतु १७९१ मध्ये क्रांतिकारी शासनाने हे संघ कायमचे संपुष्टात आणले. बायॉनचा संघ त्याआधी चोवीस वर्षे, अवघ्या सहा वर्षांच्या अस्तित्वानंतर, न्यायालयात पराभूत झाला होता.

नागरिकत्व आणि दुकानदारीचा उदय

२८ जानेवारी १७९० रोजी राष्ट्रीय सभेने पोर्तुगीज, स्पॅनिश व आव्हिन्यों येथील ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क मान्य केले. देशातील सर्व ज्यूंना ते सप्टेंबर १७९१ मध्ये मिळाले. शहराचे दरवाजे आता कायद्याने खुले झाले. मात्र याच सुमारास व्यवसायाचे स्वरूप बदलू लागले होते. १७३२ मध्ये द्युब्विसाँ याने उभ्याने वाटण्याचे तापते मेज योजले होते. एकोणिसाव्या शतकात बाष्पशक्तीची यंत्रे आली, १८२८ मध्ये हॉलंडमध्ये व्हान हाउटेन याने काकाओतील चरबी दाबून वेगळी करण्याच्या प्रक्रियेचे एकस्व मिळवले आणि १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने खाण्याचे घट्ट चॉकलेट बाजारात आणले. दगड घेऊन दारोदार जाणाऱ्या कारागिराची गरज संपत गेली.

बायॉनची घराणी या स्थित्यंतरात दुकानाच्या रूपाने स्थिरावली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शहरात तीसहून अधिक चॉकलेट उत्पादक होते. तिसरा नेपोलियन व सम्राज्ञी युजेनी यांनी १८५४ पासून जवळच्या बियारित्झ येथे उन्हाळी निवासस्थान उभारले. १८५५ मध्ये बोर्दोहून लोहमार्ग आला आणि त्याचे स्थानक सँतेस्प्रीच्या बाजूस झाले. प्रवासी आणि श्रीमंत ग्राहक यांचा ओघ सुरू झाला. कमानींखालील दुकानांची आजची ओळख याच काळात घडली. १८५७ मध्ये सँतेस्प्री बायॉनमध्ये विलीन करण्यात आले. ज्या उपनगराला शहराने तीन शतके पुलापलीकडे ठेवले, ते शहराचा भाग झाले. परंतु तोवर तेथील अनेक ज्यू कुटुंबे बोर्दो व पॅरिसकडे निघून जाऊ लागली होती. १८३७ मध्ये बांधलेले सिनेगॉग त्या वस्तीची खूण म्हणून उभे आहे.

वारसा आणि विस्मरण

या समाजाचा इतिहास अगदीच अलिखित राहिला असे नाही. ऑन्री लेओं यांनी १८९३ मध्ये बायॉनच्या ज्यूंचा इतिहास प्रसिद्ध केला आणि झेरार नाओं यांनी १९८१ मध्ये नैर्ऋत्य फ्रान्समधील पोर्तुगीज ज्यूंसंबंधीचे दस्तऐवज संपादित केले. तथापि धर्मसमाजाचा इतिहास आणि व्यवसायाचा इतिहास हे दोन वेगळ्या कप्प्यांत राहिले. १९९३ मध्ये बायॉनमध्ये चॉकलेट अकादमी स्थापन झाली. पुढे तेथील चॉकलेट उत्पादकांनी आपल्या संघटनेसाठी ‘गिल्ड’ हेच नाव घेतले.

आज शहराच्या परिचयपर माहितीत ज्यूंचा उल्लेख आवर्जून केला जातो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु ‘ज्यूंनी चॉकलेट आणले’ या वाक्यात एक अडचण आहे. ‘आणले’ या क्रियापदाने त्यांची भूमिका वाहकाची होते. कारागिराची राहत नाही. त्यांनी आणले आणि शहराने स्वीकारले, अशा सरळ देवघेवीचे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात त्यांनी येथे पिढ्यानपिढ्या काम केले, ते काम त्यांच्याकडून हिरावून घेण्याचा प्रयत्न झाला आणि तो न्यायालयात फसला. या मधल्या पायऱ्या वगळून सांगितलेला वारसा सोयीचा असतो, कारण त्यात कोणालाही उत्तर द्यावे लागत नाही.

निष्कर्ष

बायॉनच्या उदाहरणावरून हस्तव्यवसायाच्या इतिहासलेखनाविषयी तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, एखादी कारागिरी ‘कोणाची’ हा प्रश्न कौशल्याने सुटत नाही. कोणाला कोठे राहता येते आणि दुकान थाटता येते, या कायदेशीर चौकटीने तो सुटतो. दुसरा, ज्यांना नोंदवह्या ठेवण्याची, पाट्या लावण्याची संधी नव्हती, त्यांचा शोध त्यांच्याविरुद्धच्या नियमांत, बंदीहुकमांत आणि खटल्यांत घ्यावा लागतो. मात्र अशा साधनांतून जेवढे निष्पन्न होते तेवढेच मांडण्याचा संयम ठेवला पाहिजे. तिसरा, परंपरेचा गौरव करताना तिच्यातील संघर्षाची नोंद गाळली, तर ज्यांना वगळले गेले त्यांना आपण पुन्हा एकदा वगळतो. १७६१ ची नियमावली सहा वर्षांत निष्प्रभ झाली, परंतु तिने आखलेली सीमा व्यवसायाच्या स्मृतीत पुढे दीर्घकाळ टिकून राहिली. ती पुसण्याचे काम न्यायालयाच्या निर्णयाने पूर्ण होत नाही. ते इतिहासलेखनाने करावयाचे असते.